कॉलेजच्या दारातलं बीजगणित

एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी ‘वि’ आणि प्राध्यापकांच्या संख्येसाठी ‘प्रा’ घ्या आणि हे वाक्य समीकरणात मांडा. अमेरिकेतले संशोधक जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना हा प्रश्न घातला. ३७ टक्के विद्यार्थी चुकले. चुकलेल्यांपैकी बहुतेकांचं उत्तर एकच होतं : ६वि = प्रा.

हे समीकरण खरं धरून ६० विद्यार्थी घातले, तर प्राध्यापक ३६० निघतात! बरोबर समीकरण आहे वि = ६प्रा. १९८१-८२मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास गणितशिक्षणाच्या क्षेत्रात आजही सांगितला जातो, कारण त्यातली चूक निष्काळजीपणाची नाही. मुलांनी ‘वि’ हे अक्षर ‘विद्यार्थी’ या शब्दाचं लघुरूप म्हणून वाचलं आणि ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ हे चित्र जसंच्या तसं उतरवलं. बीजगणितात अक्षर माणसाचं किंवा वस्तूचं नाव नसतं, ते संख्येच्या जागी उभं असतं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात राशींसाठी रंगांच्या नावांची आद्याक्षरं घेतली, काळ्याचं ‘का’, निळ्याचं ‘नी’. प्रश्न घोड्यांचा असो की रत्नांचा, ‘का’ म्हणजे फक्त अजून न कळलेली संख्या. असा घोटाळा व्हायला तिथे फारशी जागाच नव्हती.

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेल्या मुलांची ही कथा. ज्यांचं गणित शाळेतच सुटलं, त्यांचं काय होत असेल?

अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांची गाठ बीजगणिताशी पडते ती कम्युनिटी कॉलेजच्या दारात. ही दोन वर्षांची, तुलनेने स्वस्त आणि जवळपास सर्वांना खुली असलेली कॉलेजं. इथे नोकरी करून शिकणारे असतात, मुलंबाळं झाल्यावर परत आलेल्या बाया असतात, परदेशातून येऊन स्थिरावू पाहणारे असतात. प्रवेश सहज मिळतो, पण अनेक वर्षं रीत अशी होती की आल्या आल्या गणिताची एक चाचणी द्यायची. त्यात कमी गुण पडले की कॉलेजच्या गणिताआधी तयारीचे वर्ग करायचे : अंकगणित, पूर्व-बीजगणित, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित. यांची फी भरावी लागे, सत्र खर्ची पडे, मात्र पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांत ते धरले जात नसत. प्राथमिक बीजगणितात शिकवायचं काय, तर धन-ऋण संख्या, एका चलातली समीकरणं, असमानता, रेषेचा आलेख, घातांक, बहुपदी आणि अवयव. आपल्याकडे आठवी-नववीत जे येतं, साधारण तेच.

विषय सोपा वाटेल, पण अडचण त्याच्या खालच्या थरात असते. जेम्स स्टिगलर आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये कम्युनिटी कॉलेजातल्या तयारीच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रश्न असा : ‘अ’ ही धन पूर्ण संख्या असेल, तर अ/५ मोठा की अ/८? ५३ टक्क्यांनी बरोबर उत्तर दिलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी जवळपास तेवढीच बरोबर आली असती. एकच भाकरी पाच जणांत वाटली तर वाटणी मोठी की आठ जणांत, हे या मुलांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. ते व्यवहारज्ञान वहीतल्या अपूर्णांकाशी कधी जोडलंच गेलं नव्हतं.

बरोबरच्या चिन्हाचीही तीच गत. ८ + ४ = ▢ + ५ या चौकटीत कोणती संख्या येईल? १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहावीच्या सर्व १४५ मुलांनी १२ किंवा १७ असं लिहिलं. बरोबर उत्तर ७. पहिलीपासून ‘३ + २ = ’ अशी उदाहरणं सोडवून सोडवून ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा अर्थ मुलांच्या मनात घट्ट बसतो. दोन्ही बाजू सारख्या आहेत, हा अर्थ हाती नसलेला विद्यार्थी समीकरण सोडवतो म्हणजे नियम पाठ म्हणतो : पलीकडे नेलं की प्लसचं मायनस, गुणिलेचं भागिले.

या पाठांतराचा निभाव कुठपर्यंत लागतो, ते एका उदाहरणात पाहता येतं.

९ − २(क्ष − ४) = ३. काही विद्यार्थी आधी ९ मधून २ वजा करून ७(क्ष − ४) लिहितात. काही कंस सोडवताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायला विसरतात : ९ − २क्ष − ८ = ३. मग क्षची किंमत −१ येते आणि वही मिटते. ती किंमत मूळ समीकरणात घालून पाहिली, तर डावी बाजू १९ होते, ३ नव्हे. पण घालून पाहायचं कोणी शिकवलेलं नसतं, किंवा शिकवलं तरी परीक्षेत त्याला गुण नसतात. आता हेच समीकरण अर्थाने वाचा. ९ मधून काहीतरी वजा केलं आणि ३ उरले, म्हणजे वजा केलेले ६. ते कंसाची दुप्पट आहेत, म्हणजे कंस ३. क्षमधून ४ गेले आणि ३ राहिले, म्हणून क्ष ७. कुठलंही पद पलीकडे न्यावं लागलं नाही. अर्थात समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष आला की ही वाट पुरत नाही आणि रीतसर पद्धत लागतेच. पण ती पद्धत काय साधते हे ज्याला अशा वाचनातून उमगलंय, त्याच्या हातून ती सहसा निसटत नाही.

तयारीच्या वर्गांची रचनाच मुलांच्या मुळावर आली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं, की गणिताच्या तयारीला पाठवलेल्यांपैकी फक्त ३३ टक्के विद्यार्थी सगळे नेमून दिलेले वर्ग पूर्ण करतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नापास होऊन गळणाऱ्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न घातल्याने गळणारे जास्त होते. प्रत्येक सत्राच्या शेवटी एक फट राहते. त्या फटीत नोकरीची पाळी बदलते, मूल आजारी पडतं, पैसे संपतात.

मग न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २०१३मध्ये एक धीट प्रयोग केला. प्राथमिक बीजगणिताची गरज आहे असं ठरवलेल्या ९०७ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. पहिल्याला नेहमीचा बीजगणिताचा वर्ग, दुसऱ्याला तोच वर्ग आणि जोडीला दर आठवड्याला सरावसत्र, तिसऱ्याला थेट कॉलेजच्या पातळीचं संख्याशास्त्र आणि सरावसत्र. शिक्षक तिन्ही गटांना तेच. उत्तीर्ण झाले अनुक्रमे ३९, ४५ आणि ५६ टक्के. वरच्या पातळीचा विषय घेतलेली मुलं खालच्या पातळीच्या मुलांपेक्षा जास्त पास झाली! पुढच्या काही वर्षांतही संख्याशास्त्राच्या गटातून पदवीपर्यंत पोचणारे अधिक निघाले.

या निकालाने एक जुना वाद पुन्हा तापला. राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१२मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रश्न विचारला होता, बीजगणित खरंच सगळ्यांना हवं का? कायद्याच्या, कलेच्या, समाजसेवेच्या विद्यार्थ्याला वर्गसमीकरणाने अडवून काय मिळतं? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं दुसरं टोक रॉबर्ट मोझेस यांच्याकडे आहे, आणि ते विसरून चालणार नाही. मोझेस १९६०च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी व्हावी म्हणून जीव धोक्यात घालून लढले. १९८२मध्ये मुलीच्या शाळेत बीजगणित शिकवता शिकवता त्यांनी ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांचं म्हणणं होतं, की संगणकाच्या काळात बीजगणित ही नागरिकत्वाची अट होऊन बसली आहे आणि गरिबांच्या मुलांना त्यातून वगळणं म्हणजे त्यांचा हक्क काढून घेणं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाही वेगळी. मुलांना बोस्टनच्या मेट्रोच्या रेड लाइनवर न्यायचं. परतल्यावर त्यांनी प्रवासाचं चित्र काढायचं, मग आपल्या रोजच्या भाषेत सांगायचं, मग तेच नेमक्या शब्दांत. एक स्टेशन शून्य धरलं की अलीकडची ऋण, पलीकडची धन. किती स्टेशनं गेलो आणि कोणत्या दिशेला, हे दोन्ही सांगितल्याशिवाय ठिकाण कळत नाही, हे मुलांनी अनुभवलेलं असे. चिन्हं सगळ्यात शेवटी येत.

कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये कायदा करून कम्युनिटी कॉलेजांना सांगितलं, की विद्यार्थी वर्षभरात पदवीच्या पातळीचं गणित पूर्ण करतील अशा वर्गातच त्यांना घाला आणि पातळी ठरवताना शाळेतले गुण विचारात घ्या. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनेही स्वतंत्र तयारीचे वर्ग बंद करून कॉलेजच्या वर्गाला जोडून मदत देण्याची वाट धरली. हा बदल योग्यच आहे. पण ज्यांना इंजिनिअरिंग, रसायनशास्त्र किंवा संगणकाकडे जायचंय, त्यांना बीजगणित टाळता येणार नाही, आणि ते त्यांना पुन्हा जुन्याच पद्धतीने शिकवलं तर दार उघडूनही मुलं आतल्या वर्गात अडतील. शिक्षकांनी, मग ते न्यूयॉर्कचे असोत की नगरचे, तासाला दोन उदाहरणं कमी घ्यावीत, पण हे अक्षर कोणत्या संख्येच्या जागी आहे, हे मुलांकडून पूर्ण वाक्यात वदवून घ्यावं आणि आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून पाहिल्याबद्दल रोख गुण द्यावेत.