वडिलोपार्जित मालमत्ता : व्यवहारातील अर्थ व कायद्यातील अर्थ

आजोबांकडून आलेली ती सर्व मालमत्ता वडिलोपार्जित, असा व्यवहारातील समज आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरेसे नाही आणि मुलींचे अनेक दावे नेमके याच फरकावर अडतात.

विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार पिता, पितामह व प्रपितामह यांच्याकडून वारसाने आलेल्या मालमत्तेत पुत्राला जन्मतःच हक्क प्राप्त होत असे. १७ जून १९५६ पासून अमलात आलेल्या कायद्याने ही सहदायिकी कायम ठेवली. तथापि कलम ८ अन्वये पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर, मृत्युपत्र नसल्यास, मुलगे, मुली, विधवा व आई आदी वर्ग १ च्या वारसांचा हक्क मान्य केला. अशा रीतीने मुलाला मिळालेला अंश त्याची वैयक्तिक मालमत्ता ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केले.

समजा, आजोबांनी स्वकमाईतून जमीन घेतली. त्यांचे निधन १९५० मध्ये झाले असेल, तर वडिलांना वारसाने मिळालेल्या जमिनीत नातवाला जन्मसिद्ध हक्क मिळतो. निधन १९६० मध्ये झाले असेल, तर वडील आपला अंश मृत्युपत्राने परक्यालाही देऊ शकतात. सात-बारा उताऱ्यावरून हा भेद सहसा उमगत नाही.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद मानले. मात्र त्यापूर्वी विवाहित झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ही अट राहिली नाही. त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये झाला. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयीन हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र अबाधित राहते.

दुरुस्तीने मुलीला समान स्थान दिले ते सहदायिकीत. आणि कलम ८ मुळे सहदायिकीचे क्षेत्रच पिढीगणिक आक्रसत आहे. वरील दुसऱ्या उदाहरणातील मुलीने वडिलांच्या हयातीत हिस्सा मागितल्यास तो मिळणार नाही. याची दुसरी बाजू क्वचितच लक्षात घेतली जाते. त्याच जमिनीसाठी वडील हयात असताना तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले, तरी सामान्यतः ते निष्फळ ठरते. कारण संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार भावी वारसाची केवळ आशा हस्तांतरित करता येत नाही. वडिलांच्या पश्चात, फेरफाराच्या वेळी, स्वेच्छेने केलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र तिच्यावर बंधनकारक असते.