गोणपाटाला रानाचा रंग

तळ्याकाठी पाखरे पाहायला गेलेल्या माणसाचा नेहमीचा अनुभव असा, की बांधावरून डोके वर काढले रे काढले, की बदके उडालीच! कपडे मळकट होते, तोंडातून शब्द निघाला नव्हता. मग ओळखले कशावरून? बहुधा आकारावरून. डोके, खांदे आणि दोन हात अशी आकृती रानात दुसऱ्या कशाची नसते. ती मोडायची, तर जुन्या गोणपाटाइतके स्वस्त साधन नाही.

ही युक्ती स्कॉटलंडची. तिथल्या रानांत शिकाऱ्याबरोबर जाणाऱ्या चाकराला ‘गिली’ म्हणत. म्हणून या झुपकेदार वेशाला नाव पडले ‘गिली सूट’. १९०० साली लॉर्ड लोव्हॅट यांनी बोअर युद्धासाठी त्या डोंगरांतल्या माणसांचे पथक उभारले आणि त्यांच्याबरोबर ही विद्या फौजेत गेली. आपल्याला ती पाखरे पाहण्यापुरतीच हवी आहे. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहेच.

पोते खऱ्या तरटाचे पाहिजे. हल्ली बरीच पोती प्लास्टिकची असतात. एक धागा ओढून पेटवून पाहावा. कागदासारखी राख झाली तर ताग. वितळून मणी झाला तर प्लास्टिक, त्याला हा रंग चढायचा नाही. (आपण हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग निराळा, पोत्याचा ताग बंगालकडचा.) खताचे किंवा औषधाचे पोते घेऊ नये.

गिरणीत तागाला तेल लावलेले असते, ते आधी काढायचे. धुण्याच्या सोड्याच्या ऊन पाण्यात अर्धा तास भिजवून पोते खळखळून धुवावे. सोड्यात उकळू मात्र नये, धागा कमजोर होतो. कपडे पांढरेशुभ्र करणारी पावडर तर नकोच. तिच्यामुळे कापडावर निळसर चकाकी येते आणि ती पाखरांच्या तीक्ष्ण नजरेला खुपण्यासारखी असते.

आता प्रत्येक जण विचारतो, हिरवा रंग कोणता आणू? मी म्हणतो, आणूच नका. पाहुणे पक्षी आपल्या तळ्यांवर उतरतात ते हिवाळ्यात, आणि तेव्हा देशावरचे गवत वाळत आलेले असते. कोऱ्या गोणपाटाचा रंग त्याच्या बराच जवळचा. फक्त त्यात मातकट आणि काळसर छटा मिसळायला हव्यात. त्या दोन्ही हिरड्यातून निघतात.

एक किलो सुक्या गोणपाटाला पाव किलो हिरड्याची भरड घ्या. पंधरा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी तासभर मंद आचेवर उकळून गाळा आणि त्या पाण्यात तरट तासभर बुडवा. पिवळट मातकट रंग येईल. निम्मे तरट तसेच वाळवा. उरलेले हिराकसाच्या कोमट पाण्यात बुडवा. या निम्म्या तरटाला दहा-बारा ग्रॅम हिराकस पुरे. हिरड्यातले तुरट द्रव्य आणि हिराकसातले लोह एकत्र आले, की तरट डोळ्यांदेखत राखाडी-काळे पडते. जुन्या काळी शाई याच मेळातून होई. गुरुजींनी हा प्रयोग वर्गात एका वाटीत जरूर करून दाखवावा. हिराकस जास्त झाले, की पुढे धागा तुटका होतो. तपकिरी छटा हवी असेल तर बाभळीची साल उकळावी. आणि हो, तरट सारखे ढवळत बसू नका. रंगाऱ्याच्या धंद्यात डाग पडणे हा दोष, इथे तोच गुण.

मग वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांचे आडवे धागे ओढून काढावेत. राहतात त्या दशा. तिन्ही छटांचे झुपके मिसळून जुन्या सदऱ्यावर शिवलेल्या जाळीला बांधावेत. डोके, खांदे, पाठ इथे दाट; छातीवर नको, सरपटता येत नाही. थोडे तिथलेच गवत खोचावे. दशांच्या सावल्या एकमेकींवर पडतात आणि माणसाची आकृती हरवते.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. उसवलेला सुका ताग म्हणजे काडीची वाट पाहणारा भुसा. वेश तयार झाल्यावर एक लिटर पाण्यात सत्तर ग्रॅम टाकणखार आणि तीस ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात तो भिजवावा, न पिळता सावलीत वाळवावा. त्याने आग चटकन धरत नाही. पण पावसाने हे क्षार धुऊन जातात, तेव्हा पुन्हा भिजवावे. इतके करूनही अंगात वेश असताना बिडी नको, चूल नको, शेकोटी नको.

आणि तो घरून अंगात घालून निघू नका. पिशवीतून न्या, शेतमालकाला सांगून ठेवा, तळ्यावर पोचल्यावर चढवा. उसाच्या बांधावरून सरपटणारा तपकिरी झुपका दिसला, तर बिबट्या समजून माणसे काठ्या घेऊन धावतील.