रोहित्राची राखण

द्राक्षमण्यांत पाणी उतरू लागण्याच्या सुमारास निफाड तालुक्याच्या वार्तापत्रात चार ओळींची एक बातमी वर्षानुवर्षे येत असते: अज्ञात इसमांनी शेतातील रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) फोडले, तेल सांडले, तांब्याच्या तारा लांबविल्या, फिर्याद दाखल झाली, तपास चालू आहे. त्याच दैनिकाच्या परदेशवार्तांत युक्रेनच्या वीजकेंद्रांवर ऑक्टोबर २०२२ पासून होत आलेल्या हल्ल्यांची हकीकत असते, आणि या दोन मजकुरांचा विषय एकच आहे अशी शंकाही वाचणाऱ्याच्या मनाला शिवत नाही. मला मात्र तो एकच वाटतो. एकाला शत्रूचे नगर थंडीने गारठवायचे आहे, दुसऱ्याला मोडीचे चार पैसे हवे आहेत; हेतूंत महदंतर असले तरी ज्याच्या घरी व मळ्यात त्या तारेची वीज जात होती, त्याच्या वाट्याला दोन्हीकडे सारखाच अंधार येतो.

याच तालुक्यातील पिंपळगाव बसवंतच्या मळ्यांत रोहित्राला कोणी रोहित्र म्हणत नाही. तिथे ती ‘डीपी’ असते, आणि ‘डीपी गेली’ एवढे दोन शब्द उच्चारले की पुढचे काही सांगावे लागत नाही. टाकीतील तेल वेटोळ्यांना थंड राखते व विजेच्या दृष्टीने त्यांना एकमेकांपासून अलगही ठेवते, आणि तांबे हवे असेल तर टाकी उघडून ते तेल सांडावेच लागते; म्हणून मोडीच्या बाजारात काही हजारांना विकल्या जाणाऱ्या मालासाठी लाखाच्या घरातील यंत्र कायमचे निकामी होते. पुष्कळ रोहित्रांत आता ॲल्युमिनियमची वेटोळी असतात, पण चोराला ते कळते टाकी फोडल्यानंतर, आणि तोवर नुकसान व्हायचे ते होऊन चुकलेले असते.

वाहत्या विजेच्या यंत्राला हात घालण्याचे धाडस या मंडळींना होते कसे, असे शहरातील वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर वेळापत्रकात आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज ठराविक तासच येते, आणि कोणत्या वारी ती दिवसा व कोणत्या वारी रात्री, हे गावातील पोरासोरांना ठाऊक असते. तारेत वीज नाही, आसपास वस्ती नाही आणि उजाडायला अवकाश आहे, असे तास चोराला सरकारी हिशेबानेच उपलब्ध होतात. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्याने शेतीला दिवसा वीज देण्याचा उपक्रम हाती घेतला आहे, व रात्री साप-विंचवांतून पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून इष्ट असे दुसरे काही नाही. परंतु त्यामुळे शेतीच्या तारा रात्रभर निर्जीव राहू लागल्या तर त्यांची राखण कोण करणार, याची तजवीज योजनेबरोबरच व्हायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

ऐन जानेवारीत, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील पारा खाली उतरल्याचे आकडे सकाळी ऐकू येतात तेव्हा, बागाईतदार पहाटे ठिबक चालू करून वेलींच्या मुळांशी ऊब राखू पाहतो, बांधावर शेकोट्या पेटवतो; त्या पहाटे डीपी नसेल तर वर्षभराच्या औषध-फवारणीचा व मजुरीचा खर्च त्याच्या डोळ्यांसमोर गारठत जातो. निकामी रोहित्र ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून द्यावे, असा दंडक वीज नियामक आयोगाच्या २०१४ च्या विनियमांत होता. घड भरण्याच्या दिवसांत ४८ तास हा काही लहान काळ नव्हे.

या संदर्भात कॅलिफोर्नियातील एक घटना मला विस्ताराने सांगावीशी वाटते. १६ एप्रिल २०१३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर सान होझे शहरालगतच्या मेटकाफ उपकेंद्राजवळ कोणी तरी प्रथम जमिनीखालील दूरसंचाराच्या तारा तोडल्या आणि नंतर सुमारे १९ मिनिटे रायफलीच्या शंभरावर गोळ्या झाडल्या. १७ रोहित्रांना इजा होऊन ५२ हजार गॅलन तेल वाहून गेले. त्या वेळी अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाचे अध्यक्ष असलेले जॉन वेलिंगहॉफ लष्करी तज्ज्ञांना घेऊन त्या जागी गेले, आणि पुढे पदावरून उतरल्यावर त्यांनी, तपासयंत्रणेचे मत निराळे असतानाही, हा वीजजाळ्यावरील देशांतर्गत दहशतवादाचा सर्वांत गंभीर प्रकार होय असे उघडपणे सांगितले. कडक उन्हाळ्याच्या दिवशी अवघी नऊ मोक्याची उपकेंद्रे बंद पडली तर सारा देश अंधारात जाऊ शकतो, असा निष्कर्षही त्यांच्याच आयोगाच्या अभ्यासातून निघाला होता. त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर आहे. आयोगाने २०१४ मध्येच मोक्याच्या उपकेंद्रांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पण त्या रात्री शहर अंधारात गेले नाही, हे मला त्या साऱ्या हकीकतीतले मर्म वाटते. दुसऱ्या मार्गांनी वीज फिरविण्यात आली, आणि दुरुस्तीला २७ दिवस लागले तरी नागरिकांचे दिवे जळत राहिले. आमच्या मळ्यातील डीपीला असा दुसरा मार्ग नाही. उपकेंद्रातून निघालेली तार तिच्यापाशी येते, तिच्यापासून विहिरीवरच्या मोटारीपर्यंत जाते आणि संपते. म्हणून इथे खरा पर्यायी मार्ग एकच, आणि तो म्हणजे तालुक्याच्या भांडारात तयार ठेवलेले दुसरे रोहित्र.

आपल्याकडेही ७ मे २०२५ रोजी नाशिक, सिन्नर व मनमाड येथे नागरी संरक्षणाची तालीम ठरली, ते योग्यच झाले. आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी एवढी सिद्धता करणाऱ्या राज्याने पान्याने टाकी उघडणाऱ्या इसमाकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे.

कायद्याची भाषा मात्र इथे विचित्र आहे. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १३६ प्रमाणे तारा व सामान चोरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास किमान सहा महिने ते पाच वर्षे. परंतु वीज तोडण्याच्याच इराद्याने तार कापणाऱ्यास त्याच अधिनियमाच्या कलम १४० ने ठरविलेली शिक्षा म्हणजे दहा हजार रुपयांपर्यंत दंड. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा वीजपुरवठ्याच्या मालमत्तेसाठी सहा महिने ते पाच वर्षांची सक्तमजुरी सांगतो. फिर्याद लिहून घेणाऱ्या अंमलदाराने तो कायदा जरूर लावावा, कारण पंचनाम्यात केवळ चोरीला गेलेल्या तांब्याची किंमत लिहिली तर वाळलेल्या बागेची गणती कुठेच होत नाही.

झाकणाचे बोल्ट वेल्डिंगने पक्के करणे, एक-दोन शेतकऱ्यांना मिळून लहान रोहित्र देणारी उच्चदाब वितरण प्रणाली, हे उपाय चांगले आहेत. विशेषतः दुसरा, कारण वीस जणांच्या डीपीकडे कोणी पाहत नाही आणि स्वतःच्या डीपीजवळ खुट्ट झाले तर माणूस झोपेतून उठतो. तरीही वेटोळ्यांतून निघालेले तांबे चोर घरी ठेवत नाही; ते भंगारवाल्याच्या काट्यावर येते, तिथून भट्टीत जाते, आणि भट्टीत गेल्यावर ते कोणाच्या शेतातले हे कोणालाच सांगता येत नाही. काट्यावर येणाऱ्या तांब्याची नोंद, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि त्या वहीची पोलीस ठाण्याकडून महिन्याला तपासणी, एवढे तरी द्राक्षांच्या पुढच्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी व्हावे. आणि तालुक्याच्या भांडारात किती रोहित्रे तयार आहेत, हा आकडा दर सोमवारी बाजार समितीच्या फळ्यावर, कांदा-टोमॅटोच्या भावांच्या शेजारी लिहिला जावा.