फी शून्य, मुदत मोजकी

मार्चअखेर हा करबचतीचा मोसम, तसाच टार्गेट गाठण्याचाही. विमा नियामकाच्या 2024-25च्या वार्षिक अहवालातला एक आकडा म्हणूनच या दिवसांत पुन्हा काढून बघावा असा आहे. आयुर्विमा कंपन्यांविरुद्धच्या एकूण तक्रारी त्या वर्षी जवळजवळ आधीच्या वर्षाएवढ्याच राहिल्या, 1,20,429. पण त्यांतल्या अनुचित व्यवहाराच्या, म्हणजे बहुतांशी गळ्यात मारलेल्या पॉलिसींच्या तक्रारी 23,335 वरून 26,667 वर गेल्या.

रायगडमधल्या रोह्यात हे कसं घडतं ते सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. धाटावच्या कारखान्यातून कुणी निवृत्त होतो, ग्रॅच्युइटी आणि फंड एकदम खात्यात जमा होतो. माणूस एफडी करायला बँकेच्या काउंटरवर जातो आणि ‘काका, एफडीपेक्षा हे बरं, एकदाच भरायचे’ असं ऐकून विम्याच्या फॉर्मवर सह्या करून परततो. वर्षभराने दुसऱ्या हप्त्याची नोटीस येते, तेव्हा डोक्यात प्रकाश पडतो. पेणकडे, हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत मोठा पैसा हाती येतो तो गणपतीच्या आगेमागे. हप्त्याची तारीख मात्र विकणाऱ्याच्या सोयीने मार्चमधली. आणि ज्या गावाने 2010 साली पेण अर्बन बँक कोलमडताना पाहिली, तिथे ‘अगदी सुरक्षित’ हे शब्द जरा जास्तच खपतात.

फसल्याचं कळलं की पहिला प्रश्न असतो, वकील किती घेईल? खरं तर आधी विचारायला हवं, पॉलिसी हातात कधी आली?

एप्रिल 2024 पासून पॉलिसी परत करायला सरसकट 30 दिवस मिळतात. आधी साधारण 15 होते. कारण द्यावं लागत नाही. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाची रक्कम, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतात. मेख अशी की हे दिवस पॉलिसी मिळाल्यापासून मोजतात, आणि पॉलिसी आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात येते. फॉर्मवर भाच्याचा ईमेल, मोबाइल नंबरही त्याचाच. काकांना पत्ताच नाही, आणि महिना संपलेला.

तो महिना हुकला म्हणजे सगळं संपलं असं नाही. मात्र इथून पुढे फोनवरच्या भांडणाला कवडीची किंमत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवायचं आणि पोच जपून ठेवायची. उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, तर तिथून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. रायगडसाठी हे कार्यालय ठाण्यात आहे. तक्रार ऑनलाइनही करता येते, त्यामुळे रोहा-दिवा गाडीत बसण्याची सक्ती नाही. फी नाही. वकील चालत नाही. 50 लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतो, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. 30 दिवसांत तो पाळला नाही तर कंपनीने तक्रारदाराला दिवसाला 5,000 रुपये द्यायचे.

दुसरी वाट अलिबागला जाते, जिल्हा ग्राहक आयोगाकडे. भरलेला हप्ता 5 लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी शून्य. 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400. एवढ्या पैशांत अलिबागची एक फेरीही धड होत नाही. पण इथलं घड्याळ वेगळं आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि मधल्या काळात कंपनीला पाठवलेल्या पत्रांनी ती वाढत नाहीत. आंध्रातल्या एका तंबाखू कंपनीच्या मालाला 1988 मध्ये आग लागली, ग्राहक आयोगात तक्रार झाली 1997 मध्ये. विमा कंपनीचं उत्तर उशिरा आलं, तिथून मुदत मोजा, असं तंबाखू कंपनीचं म्हणणं होतं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. आणि एकाच तक्रारीसाठी दोन्हीकडे एकदम जाता येत नाही; आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही.

फीच नाही म्हटल्यावर तक्रारी लढवून देणाऱ्या दलालांनी काय करायचं? ते टक्केवारी मागतात. ब्रिटनमध्ये हा खेळ केवढा मोठा झाला ते पाहण्यासारखं आहे. तिथे कर्जासोबत चिकटवलेल्या पीपीआय, म्हणजे कर्जफेड-संरक्षण विम्यापोटी बँकांनी 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत केली. 29 ऑगस्ट 2019 ही शेवटची तारीख लोकांच्या मनावर ठसावी म्हणून नियामकाने अर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं जाहिरातीत नाचवलं. मधल्यांची फी सरकारला कायद्याने 20 टक्क्यांवर बांधावी लागली, वर कर वेगळा. पैशाविषयी लिहिणारे पत्रकार मार्टिन लुईस मात्र फुकट नमुनापत्रं देत राहिले आणि सांगत राहिले, हे तुम्ही स्वतः करू शकता. आपल्या नियामकाला असं एखादं मुंडकं का सुचू नये? आपल्याकडे मराठीत दोन पानी नमुनापत्र बँकेच्या काउंटरवर ठेवलं तरी पुष्कळ झालं.

त्याऐवजी येतात ते फोन. ‘बंद पॉलिसीचा बोनस अडकलाय, प्रोसेसिंग फी भरा.’ नियामक पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही, असं त्याने जाहीर सूचनांमधून वारंवार सांगितलं आहे. आधीच फसलेल्या माणसाचं नाव असे फोन करणाऱ्यांच्या यादीत जातं कुठून, हा प्रश्न कंपन्यांना कुणीतरी एकदा खडसावून विचारायला हवा.

पुरावा बहुतेक वेळा घरातच असतो. पॉलिसीसोबत प्रस्ताव अर्जाची प्रत जोडलेली असते, ती क्वचितच कुणी उघडतं. त्यात उत्पन्नाचा रकाना शोधावा. महिना पंधरा हजारांवर मूर्ती रंगवणाऱ्या बाईचं वार्षिक उत्पन्न बारा लाख लिहिलेलं दिसलं, तर तक्रारीचा पहिला परिच्छेद तिथेच तयार झाला. ‘सगळ्याला फक्त हो म्हणा’ असं सांगून करवलेल्या पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंगही त्याच पत्रात मागून घ्यावं.