जुन्या पिकअपचे ब्रेक पाइप पावसाळ्याआधी बघाच

धारच्या लाट मशिदीबाहेरचा लोहस्तंभ तीन तुकडे होऊनही शतकानुशतकं उघड्यावर टिकलाय. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळे त्यावर गंज रोखणारा थर बसतो. तुमच्या पिकअपच्या ब्रेक पाइपला ती सोय नाही. बहुतेक गाड्यांत तो साध्या पोलादाचा, जेमतेम पावणेपाच मिलिमीटर व्यासाचा असतो.

धार-देवासकडची काळी माती ओल धरून ठेवते. चासीवर पाइप क्लिपने अडकवलेला असतो तिथे चिखल साचतो आणि पाइप नेमका क्लिपखालीच गंजतो. माती धुवा, तारेच्या ब्रशने हलकेच घासा. पापुद्रे निघाले, खड्डे किंवा ओलसर डाग दिसले, तर पाइप बदलाच. मागच्या अ‍ॅक्सलवरचा आणि टाकीच्या वरून जाणारा भाग हमखास बघायचा राहतो.

गंजका तुकडा कापून रबरी नळी आणि क्लँप लावून देणारे भेटतात. ब्रेकच्या बाबतीत हे कधीही करू देऊ नका, तो दाब क्लँपला पेलत नाही. तांबं-निकेलचा पाइप सहसा गंजत नाही, हाताने वळतो. टोकांना मात्र एकेरी फ्लेअर (टोक पसरवून केलेली कड) चालत नाही, मूळ पाइपाला होता तसाच हवा. त्याऐवजी एसीचा निव्वळ तांब्याचा पाइप लावू नका, तो थरथरीने तडकतो.

डिझेल लाइनही अशीच गंजते, पण तिची खूण वेगळी. टाकी ते पंप या भागात बारीक भोक पडलं की जुन्या गाड्यांत डिझेल गळेलच असं नाही, उलट हवा आत ओढली जाते. सकाळी गाडी लवकर चालू होत नाही आणि दोष बॅटरीला लागतो. पंपाआधी तात्पुरती पारदर्शक नळी जोडून बुडबुडे येतात का बघा.