शरदातील सहप्रवास : खानदेशातील दोन दिवस

आश्विन आणि कार्तिक या शरद ऋतूच्या दोन महिन्यांत, म्हणजे पावसाळा सरून थंडी पडण्यापूर्वी, खानदेशातील आकाश निवळते आणि नदीनाल्यांना अद्याप पाणी असते. म्हणून शनिवार-रविवारी अचानक ठरवून निघणाऱ्या जोडप्यांना हा काळ मानवतो. पूर्वी पती-पत्नींचा प्रवास बहुधा कुलदैवत, लग्नकार्य किंवा माहेर अशा निमित्तांनी आणि गोतावळ्यासह घडत असे. संसाराची ३०-३५ वर्षे उलटून मुले मार्गी लागल्यावर दोघांनीच विनाकारण बाहेर पडणे, ही तुलनेने नवी रीत होय.

जळगावहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ एरंडोल व पारोळ्यावरून जातो. दुतर्फा कपाशीची बोंडे उमललेली असतात आणि वेचणाऱ्या बाया कमरेच्या ओटीत कापूस भरताना दिसतात. एरंडोलजवळील पद्मालयात कमळांच्या तळ्याकाठी उजव्या व डाव्या सोंडेच्या दोन गणेशमूर्ती शेजारी शेजारी पूजल्या जातात, तर पारोळ्यात भुईकोट, म्हणजे सपाट भूमीवर बांधलेला, किल्ला आहे. वाट वाकडी करून चाळीसगावनजीकच्या पाटणला गेल्यास भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद करणारा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख भेटतो.

मुक्कामी शेवभाजीसोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी व अख्खे उडीद एकत्र दळून केलेली, भाकरी वाढली जाते. ती एकाच ताटात मोडून खाताना घरच्या घाईत राहून गेलेले बोलणे निवांत होते, आणि अशा प्रवासाचे खरे प्रयोजन बहुधा तेवढेच असते.