दंड भरावा की कोर्टात जावे?

शाळेत मुलाचे गुण वाढले की घरी आनंद होतो. आयर्लंड देशात मात्र गुण वाढले की घरात चिंता पसरते. तिकडे वेगाने मोटार चालवणाऱ्याच्या लायसन्सवर दंडाचे गुण चढतात. ही पद्धत ३१ ऑक्टोबर २००२ रोजी सुरू झाली आणि पहिला गुन्हा धरला गेला तो अतिवेगाचाच. तीन वर्षांत बारा गुण झाले की सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. आपल्या मॉरिशसमध्येही मे २०१३ मध्ये 'पेर्मी आ प्वें' आली होती व सरकार बदलल्यावर ती काढण्यात आली. तेव्हा ही गोष्ट आपल्या लोकांना अगदीच अनोळखी नाही.

आम्ही हा विषय घेतला तो क्लोनडॉकिनहून आलेल्या एका फोनमुळे. डब्लिन शहराच्या नैर्ऋत्येला हे जुने गाव आहे. तेथे प्राचीन मठाचा उंच गोल दगडी मनोरा अजून उभा आहे, आणि जवळच एम ५० हा मोठा रस्ता रात्रंदिवस वाहत असतो. आमचा भाचा तेथे राहतो व म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी जाऊन त्यांची सेवा करण्याचे काम करतो. गाडी नाही तर नोकरी नाही.

त्याने येथे पंधरा वर्षे गाडी चालवली. आयर्लंडमध्येही वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने जातात. परंतु मॉरिशसचे लायसन्स तेथे बदलून मिळत नाही. पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा परीक्षा, आणि पास झाल्यावर दोन वर्षे काचेवर 'एन' अक्षराची पाटी. १ ऑगस्ट २०१४ पासून अशा नवख्या चालकाला बारा नव्हे, सातच गुणांची मर्यादा आहे. पंधरा वर्षांचा जाणता माणूस, पण कागदावर नवखा! आपल्या मुलांना तिकडे पाठवताना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

भाच्याच्या नावावर शिकाऊ असतानाचे तीन गुण होतेच. त्यात पन्नासच्या रस्त्यावर त्रेसष्टने गेला म्हणून टपालाने नोटीस आली. आपण जिला 'कोंत्रावांस्यों' म्हणतो तीच ही. दंड १६० युरो (ऑक्टोबर २०२२ पूर्वी तो ८० होता) आणि आणखी तीन गुण. कामावरचे मित्र म्हणाले, "भरू नकोस. कोर्टात जा, केस सुटते." म्हणून त्याने विचारले, "मामा, जाऊ का?"

आम्ही शिक्षक माणूस, आम्ही त्याला गणित मांडून दाखवले. दंड भरला तर तीन आणि तीन सहा. सातच्या आत. कोर्टात जाऊन हरला तर अतिवेगाचे तीन नव्हे, पाच गुण लागतात. तीन आणि पाच आठ! म्हणजे सहा महिने गाडी बंद, नोकरीही बंद, शिवाय कोर्टाचा दंड हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. गुण टाळायला गेलेला माणूस गुण वाढवून परत येतो.

मग कोर्टात कधीच जाऊ नये काय? तसे नव्हे. नोटिशीवरचा गाडीचा नंबर, तारीख, जागा आणि नाव आधी नीट वाचावे. कागद चुकू शकतो. आयर्लंडच्या पोलिसांच्या नोंदीत 'प्राव्हो याझ्दी' नावाच्या एका पोलिश चालकावर पन्नासहून जास्त गुन्हे चढले होते, आणि प्रत्येक वेळी त्याचा पत्ता निराळा! शेवटी उलगडा झाला की पोलिश भाषेत या शब्दांचा अर्थच 'ड्रायव्हिंग लायसन्स' असा आहे. शिपाई नावाऐवजी लायसन्सच्या माथ्यावरचे अक्षर उतरवून घेत होते. २००९ साली हे वर्तमानपत्रांत आले व जग हसले. आपल्या लांबलचक नावांचेही परदेशात काय होते ते आपणांस ठाऊक आहेच. अशी खरी चूक असेल तर माणसाने जरूर उभे राहावे.

परंतु मित्रांच्या "केस सुटते" या बोलण्यामागे वेगळीच गोष्ट आहे. पूर्वी बरेच लोक न्यायाधीशापुढे सांगत की नोटीस टपालाने पोचलीच नाही, आणि सुटत. २०१७ साली ही वाट अरुंद झाली. आता पहिल्या २८ दिवसांत १६० युरो, पुढच्या २८ दिवसांत २४०, आणि समन्स आल्यावरही कोर्टाच्या तारखेच्या सात दिवस आधीपर्यंत ३२० भरून खटला टाळता येतो. म्हणजे "कागद मिळाला नाही" हे रडगाणे आता फारसे चालत नाही.

दुसरी वाट ओळखीची होती. मॉरिस मॅकेब नावाचे सार्जंट व जॉन विल्सन नावाचे शिपाई यांनी २०१२ च्या सुमारास उघड केले की पोलीस अधिकारी काही लोकांचे गुण आतल्या आत रद्द करतात. जानेवारी २०१४ मध्ये पोलीसप्रमुख मार्टिन कॅलिनन यांनी संसदेच्या समितीपुढे या प्रकाराला किळसवाणा म्हटले. किळसवाणे काय, तर गुण पुसणे नव्हे, ते बाहेर सांगणे! मार्चमध्ये कॅलिनन पायउतार झाले, मे महिन्यात न्यायमंत्री ॲलन शॅटर यांनीही राजीनामा दिला. ज्याला कोणी ओळखीचा नाही अशा परदेशी मजुराने तीन गुण निमूटपणे घ्यायचे आणि ओळखीवाल्याचे पुसले जायचे, हे मॅकेब यांना पाहवले नाही. त्यासाठी त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे फार सोसले.

भाच्याने हळूच आणखी एक विचारले. नोटिशीवर गाडी दुसरा कोणी चालवत होता असे लिहून त्याचे नाव देता येते, मग सूनबाईचे दिले तर? तिचे लायसन्स कोरे आहे. ती सोय गाडी खरोखर दुसऱ्याच्या हाती असेल त्यासाठी आहे. खोटे लिहिणे हा वेगळाच गुन्हा, आणि त्यात नवरा-बायको दोघेही अडकतील. आम्ही जरा कडक बोललो. फोनच्या पलीकडे सूनबाई ऐकत होती असे नंतर कळले. तिने आमचे आभार मानले.

विसाव्या दिवशी त्याने टपाल कचेरीत १६० युरो भरले. आता सहा गुण आहेत. पहिले तीन पुढच्या मार्चमध्ये तीन वर्षे भरून उतरतील. तोपर्यंत त्याने सकाळच्या पहिल्या आजीबाईंकडे जायला घरून वीस मिनिटे आधी निघायचे ठरवले आहे.